डब्याची गाठ

मला लोक संशयी म्हणतात. म्हणोत बापडे. ज्यांच्यापासून कधी कुणी काही लपवलं नाही, त्यांनी खुशाल भोळं राहावं. माझ्यापासून त्या वर्षी एक अख्खी आगबोट काहीतरी लपवत होती, आणि मला ते डब्याच्या गाठीवरून कळलं.

आमचे हे बोटीवर खलाशी होते. दोराचं काम. बोट धक्क्याला लागली की पुढच्या टोकाला उभं राहून दोर फेकायचा, नांगर उचलताना साखळीपाशी थांबायचं, होडी बाजूला आली की तिला बांधून घ्यायचं. ह्यांची गाठ वादळात सुटत नसे, आणि सोडायची म्हटली तर एका झटक्यात सुटे. बोटीवर नावानं कुणी हाकच मारत नसे, सगळे ‘गाठीवाला’ म्हणत. लग्न होऊन मी घरात आले तेव्हा ह्यांनी मला आरसा आणला नाही की कंगवा आणला नाही. समोर बसवलं, डब्याचं फडकं हातात दिलं आणि म्हणाले, "हे असं बांधायचं." दिसायला निरगाठ, पण उजवीकडे सोडलेलं टोक ओढलं की सुरगाठीसारखी मोकळी. ती जमेपर्यंत मला उठू दिलं नाही. या माणसाशी आपलं कसं जमणार, या विचारानं मला रडू आलं होतं.

आमच्या गावाचा किनारा उथळ. आगबोट लांब उभी राहायची, भोंगा द्यायची आणि उतारू होडीतून तिच्यापर्यंत जायचे. खलाशांना खाली उतरायला सवड नसे. म्हणून त्यांच्या बायका होडीवाल्याकडे डबे द्यायच्या. बोट शहराकडे जाताना भरलेला डबा जायचा, परतीच्या फेरीला रिकामा यायचा. प्रत्येकीचं फडकं वेगळं, माझं निळ्या चौकड्यांचं. मी किनाऱ्यावर उभी राहायची आणि हे कठड्याला टेकून खांद्यावरचा पंचा हलवायचे. वादळी महिन्यांत बोटी बंद झाल्या की मग माणूस घरी. तोवर आमचा संसार म्हणजे तो डबा आणि तो पंचा.

तर एका फेरीला डबा परत आला तो घासून लख्ख.

आमच्या ह्यांनी जन्मात डबा घासला नव्हता. शितं वाळून कडक झालेली असायची, मी पुटपुटत खरवडायची. आणि आज डब्यात तोंड दिसत होतं. मग मी गाठीकडे पाहिलं. ती निरगाठच होती, साधी, घट्ट, बेंगरूळ. सुटं टोक डावीकडे. मी ओढलं तर आणखीच आवळली. शेवटी सुईनं उकलावी लागली.

माझी नणंद समोर धान्य निवडत होती. धाकटी, नवरा गेलेला, आमच्याकडेच असायची. जीभ माझ्यापेक्षा तिखट.

"वहिनी, दादा सुधारला वाटतं," ती म्हणाली.

"सुधारला की कुणी सुधारवला?"

"घासलेला डबा आला तरी रडायचं आणि खरकटा आला तरी रडायचं. तुमचं काही खरं नाही."

"वन्सं, ही गाठ त्यांची नाही."

तिनं फडकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि निवडायचं धान्य बाजूला सारलं. ती पण खलाशाच्याच घरात वाढलेली. आमच्याकडे अक्षरं कुणाला वाचता येत नव्हती, पण कोणता दोर कुणी बांधला हे पोरासोरांनाही सांगता यायचं. गाठ म्हणजे माणसाचा हातच. तो हात ह्यांचा नव्हता, हे तिलाही दिसलं.

पुढच्या फेरीला मी किनाऱ्यावर गेले तर कठड्याला हे नाहीत. होडीवाल्या दादाला विचारलं, तर तो वल्ह्याकडे बघत म्हणाला, "कामात असतील, वहिनी." हा माणूस एरवी आमच्या गावात कोण शिंकलं ते तीन गावांना सांगणारा. त्याला त्या दिवशी बोलायला शब्द मिळेना. डबा पुन्हा लख्ख, पुन्हा तीच डावी गाठ. आणि फडक्याचं एक टोक ओलसर, चघळल्यासारखं.

मी ते टोक बराच वेळ बोटांत धरून बसले. असं कोण चघळतं? दात येणारं लेकरू. आम्हाला मूलबाळ नव्हतं. ह्यांनी त्याबद्दल कधी शब्द काढला नव्हता, आणि मी ते मोठेपण समजत होते. आता कळलं, म्हटलं, शब्द का काढला नाही ते. दुसरीकडे पाळणा हलत असेल तर इथे कशाला शब्द वाया घालवायचा? बोट एवढी बंदरं घेते, प्रत्येक बंदरात होडीतून बायका डबे आणतात. त्यातलीच एखादी. डबा घासून देणारी, डाव्या हाताची, कडेवर पोर असलेली. मला तर तिचा चेहराही दिसायला लागला.

तरी मी परीक्षा घेतली. एकदा मुद्दाम भातात मीठ घातलं नाही. एरवी ह्यांनी होडीवाल्याकरवी चारचौघांत निरोप धाडला असता की बायकोला सांग, समुद्र जवळ आहे, मीठ महाग नाही. काही आलं नाही. मग मी निरोप पाठवला, छपराच्या डागडुजीचं काय करायचं? उत्तर आलं, "तुझ्या मनासारखं कर." लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ह्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. नवरा बायकोला मनासारखं कर म्हणाला की समजावं, त्याचं मन तिथे नाही.

"मी बोटीनं जाणार," मी नणंदेला सांगितलं.

"आणि तिथे जाऊन काय करणार? बोटीवर तमाशा?"

"करीन. ती कोण आहे ते मला बघायचंय."

"आणि निघालीच कोणी तर?"

निघालीच कोणी तर मी कुठे जायचं? माहेरी भावांची तोंडं मला ठाऊक होती. घर ह्यांचं, नणंद ह्यांची. माझं म्हणावं असं एक निळं फडकं.

बोटीच्या दिवशी मी नेसून तयार झाले, डबा बांधला आणि किनाऱ्यावर गेले. होडीवाल्या दादाच्या तोंडचं पाणी पळालं.

"वहिनी, आज नका जाऊ. समुद्र बरा नाही."

समुद्र परातीतल्या पाण्यासारखा निवांत होता. मी होडीत चढून बसले. बाकीचे उतारू चढले, ट्रंका चढल्या, एका म्हातारीची कोंबड्यांची टोपली चढली. दादा सगळा वेळ माझ्याकडे पाठ करून वल्हवत होता. या माणसाला सगळं माहीत आहे, मी मनात म्हटलं, आणि हा माझा डबा स्वतःच्या हातानं त्या बयेपर्यंत पोचवत असणार.

बोटीच्या शिडीला होडी लागली. वरून दोर आला, तोच मुळी वाकडा. होडीच्या नाकाऐवजी पाण्यात पडला. पुन्हा फेकला. मी वर पाहिलं, तर ह्यांच्या जागी कुणी दुसराच उभा. माझ्याकडे लक्ष जाताच त्याच्या हातातला दोर तसाच राहिला. त्यानं मागे वळून काहीतरी म्हटलं आणि डेकवर कुजबुज झाली. मी शिडी चढत होते आणि वरचे सगळे एकमेकांकडे बघत होते.

सारंग पुढे आला. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. बोटीवर माणसं तोच आणायचा, तोच राबवायचा. बोटीवरच्या कंपनीच्या साहेबाला काय सांगायचं आणि काय नाही तेही तोच ठरवायचा. आमच्याच गावचा, ह्यांना लहानपणी त्यानंच बोटीवर नेलं होतं.

"पोरी, तू कशी काय?"

"शहरात काम आहे, काका. हे कुठे आहेत?"

"खाली. इंजिनकडे. येईल नंतर. तू बस निवांत."

दोरवाल्याचं इंजिनाकडे काय काम? पण मी बसले. डेकवर ताडपत्रीचा आडपडदा लावून बायकांची जागा केलेली. ज्यानं त्यानं चटई पसरावी, तेवढीच त्याची जागा. वरच्या मजल्यावर साहेबलोकांच्या केबिनी, तिथल्या जिन्याला साखळी लावलेली. धुरांड्याची काजळी मात्र वरच्या-खालच्या सगळ्यांच्या अंगावर सारखी पडायची. कोंबड्यांची म्हातारी माझ्या शेजारी. मी डबा मांडीवर घेतला आणि प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला न्याहाळायला लागले.

पाणी वाटणारा खलाशी आला. त्याला विचारलं, "गाठीवाला कुठाय?" तो म्हणाला, झोपलाय. थोड्या वेळानं दुसरा आला. तो म्हणाला, मागच्या बंदराला उतरलाय, कामासाठी. इंजिनकडे, झोपलेला आणि उतरलेला. एका माणसानं एका वेळी तीन ठिकाणी असायचं म्हणजे फारच कामाचा माणूस. खोटं बोलायचं तर निदान आपसात ठरवून तरी बोलावं. मला धड फसवायचीसुद्धा यांची तयारी नव्हती, याचा मला जास्त राग आला.

"नवरा शोधतेस?" म्हातारीनं विचारलं.

"हो."

"सापडला नाही तर बरं म्हण. माझा सापडायचा रोज."

मला हसू आलं नाही. मागच्या बंदराला उतरलाय, हे माझ्या डोक्यात रुतून बसलं होतं. म्हणजे आमच्या आधीचं बंदर. म्हणजे मी बोटीवर आणि हे तिच्या घरी. पण मग वाटलं, तेही खोटंच असेल. ती पुढच्या बंदराला असेल.

पुढचं बंदर आलं. भोंगा झाला, होड्या निघाल्या. मी कठड्याला जाऊन उभी राहिले. एका होडीत एक बाई, कडेवर लेकरू, दुसऱ्या हातात डबा. डब्याचं फडकं निळ्या चौकड्यांचं.

लेकरू फडक्याकडे झेपावत होतं. बाई देखणी नव्हती, हे मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्यानं बरं वाटण्याऐवजी जास्तच वाईट वाटलं. तिनं डबा वर दिला. खलाशानं तो घेतला, इकडेतिकडे पाहिलं आणि मागच्या बाजूला भटारखान्याकडे निघाला. मी माझा डबा घट्ट धरून त्याच्या मागे निघाले.

भटारखान्याच्या दारात सारंग आडवा आला. एवढा म्हातारा माणूस, पण दोन्ही हात चौकटीला लावून उभा राहिला.

"आत बायकांना मनाई आहे."

"बाजूला व्हा, काका."

"पोरी, ऐक माझं. जागेवर जा."

"तुमच्या मुलीला असं फसवलं असतं तर तुम्ही तिला जागेवर जा म्हणाला असता?" माझा आवाज चढला. मला तो चढवायचाच होता. "माझा माणूस कुठाय ते सांगा. साहेबाला विचारू? विचारते मी साहेबाला."

सारंगाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि नेमका वरच्या जिन्याची साखळी काढून साहेब खाली आला. उंच, घामानं लाल झालेला. त्याला आमची भाषा कामापुरती येत होती.

"काय गडबड आहे? ही बाई काय म्हणते?"

सारंग वळला, त्यानं एक हात चौकटीवरून काढला, आणि मला आतलं दिसलं.

चुलीपाशी वाफ होती. मासे साफ करायचं थांबवून आचारी त्या बाईच्या डब्याचं निळ्या चौकड्यांचं फडकं सोडत होता आणि डबा आणणाऱ्या खलाशाला विचारत होता, "बायको काय म्हणाली, पोराचा खोकला कमी झाला का?" कोपऱ्यात भांड्यांचा ढीग. त्यामागे एक माणूस उकिडवा बसून पातेलं घासत होता. पातेलं दोन्ही गुडघ्यांत धरलेलं, घासत होता डाव्या हातानं. मला पाहताच त्यानं उजवा हात झटकन पोटाशी लपवला. पण मी पाहिला. चिंध्यांत गुंडाळलेला होता. अंगठा होता. बाकी काही नव्हतं.

हे माझ्याकडे बघत होते.

कंपनीचा नियम आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होता. हात-पाय चालेनासा झाला की पुढच्या बंदरात वळकटीसकट उतरवायचं. आमच्याच गावच्या एकाचा पाय मोडला तेव्हा त्याला असंच कुठल्याशा धक्क्यावर सोडलं होतं. तो रांगत-खुरडत घरी आला तोवर बायकोनं त्याची आशा सोडली होती. लपवणाऱ्यालाही ठेवत नसत. म्हणजे सारंगही जाणार, आणि वाकडा दोर फेकणारा तोही जाणार. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. साहेबही बघत होता.

"डबा, साहेब," मी म्हणाले. हातातला डबा मी वर केला. "दर फेरीला डबा देते, हे लोक घासून देत नाहीत. शितं तशीच. किडे पडतात. आज म्हटलं, साहेबालाच सांगते."

साहेब क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला. मग हसला. सारंगाला म्हणाला, "घासून देत जा," आणि निघून गेला. त्याच्या बुटांचा आवाज जिन्यावरून वर जाईपर्यंत कुणी हललं नाही. सारंग मात्र तिथेच दारात खाली बसला आणि पंच्यानं तोंड पुसायला लागला.

मी आत गेले. आचारी मासे सोडून बाहेर निघून गेला, शहाणा माणूस. मी ह्यांच्यासमोर बसले.

"कधी?"

"नांगर उचलताना. साखळीत सापडला." हे पातेल्याकडे बघत बोलत होते. "सारंगानं इथे बसवलं. म्हणाला, साहेबाला माणसं मोजायची असतात, तोंडं बघायची नसतात. बोटी बंद होईस्तोवर निभेल."

"आणि मला सांगायचं नाही? त्या होडीवाल्याला माहीत, कालच्या पोरांना माहीत. मी तेवढी परकी."

"तू किनाऱ्यावर रडत उभी राहिली असतीस. कुणीतरी विचारलं असतं, का रडते."

हे खरं होतं, म्हणून मला आणखीच चीड आली. "मी इकडे दुसरी बाई आणून बसवली तुमच्या घरात. कडेवर पोरसुद्धा दिलं तिला. डावखुरीपण केली. किती दिवस तिच्याशी भांडतेय मी मनातल्या मनात."

ह्यांना पहिल्यांदा हसू आलं, पण ते टिकलं नाही.

"गाठीवरून?" त्यांनी विचारलं.

"गाठीवरून. पाहताक्षणी म्हटलं, हा हात ह्यांचा नाही. दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

त्यांनी पोटाशी लपवलेला हात काढून गुडघ्यावर ठेवला. चिंध्या भांड्यांच्या पाण्यानं भिजल्या होत्या.

"मलाही तसंच वाटतं," ते म्हणाले. "सकाळी जाग आली की वाटतं, हा कुणाचा हात इथे राहिलाय."

एवढ्या वर्षांत हा माणूस माझ्याशी इतकं बोलला नव्हता. मला त्या क्षणी त्यांची इतकी माया आली की रडू यायला लागलं. पण रडले असते तर त्यांचंच म्हणणं खरं झालं असतं. म्हणून मी डब्यातला भात पानावर काढला, त्यांना खाऊ घातला, डबा त्यांच्यासमोर ठेवला आणि वरून फडकं टाकलं.

"बांधा. बघू दे मला."

"नको."

"बांधा म्हणते ना."

त्यांनी डाव्या हातानं एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला हात पुरेना, तेव्हा वाकले आणि ते दातांत पकडलं. मान डावीकडे वळवून ओढलं. बैलासारखा जोर लावला, मानेच्या शिरा वर आल्या. गाठ बसली. सुटं टोक डावीकडे, ओलं, चघळल्यासारखं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी आता काय बोलणार याची ते वाट बघत होते, आणि बाहेर दारात सारंगही ऐकत असणार.

मी टोक ओढून पाहिलं. गाठ आवळली, पण सुटली नाही.

"निरगाठ झाली," मी म्हणाले. "मला सुई घ्यावी लागते. पुन्हा बांधा. जमेपर्यंत मी उठत नाही."

मी नखांनी ती गाठ उकलली आणि फडकं त्यांच्या दातांपाशी धरलं.